कोणाच्या पायापर्यंत? नडगीच्या एका ऑपरेशनचा खानदेशी इतिहास

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, ‘खानदेशातील अस्थिशल्यचिकित्सेचा उदय व विकास : एक ऐतिहासिक अभ्यास’. हसू नका. पेटचा निकाल लागून तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलात की तुमच्याही वहीत असंच काहीतरी उमटणार आहे. ‘उदय व विकास’ ही जोडी आपल्याकडच्या प्रबंधांच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत इतक्या वेळा छापलेली आहे, की ती शीर्षकाचा भाग न वाटता कव्हरचाच भाग वाटते.

त्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं : ‘विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही शस्त्रक्रिया खानदेशात पोहोचली.’ मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले, ‘कोणाच्या पायापर्यंत?’ ते दोन शब्द पचायला मला सात-आठ महिने लागले. तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून आज हे लिहितेय.

आधी विषय लहान का केला ते सांगते. अस्थिशल्यचिकित्सा म्हणजे मणक्यापासून करंगळीपर्यंत सगळं आलं. ते एका प्रबंधात मावत नाही. म्हणून मी एक हाड घेतलं आणि त्या हाडावरचं एक ऑपरेशन घेतलं. हाड नडगीचं, डॉक्टर ज्याला टिबिया म्हणतात. ऑपरेशन म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘पायात रॉड टाकला’ म्हणतात ते. गुडघ्याच्या वाटीखालून हाडाच्या पोकळीत लांब सळई घालायची, मोडलेले तुकडे तिच्यावर ओवल्यासारखे सरळ रेषेत आणायचे आणि ते फिरू नयेत म्हणून वर-खाली आडवे स्क्रू मारायचे.

हेच हाड का? बसल्या जागी स्वतःच्या नडगीवर अंगठा फिरवून बघा. आतल्या बाजूला कातडी संपली की थेट हाड लागतं, मध्ये मांसाचा थर नाही. त्यामुळे इथे जोराचा मार बसला की हाड कातडी फाडून बाहेर यायला वेळ लागत नाही, आणि हाड उघडं पडलं की जंतूंना वाट मोकळी. खालच्या भागात रक्तपुरवठाही बेताचाच, म्हणून हाड जुळायला उशीर. गाडीचा बंपर आणि मोटरसायकलचं फूटरेस्ट नेमकं याच उंचीला येतं हे वेगळंच. शल्यचिकित्सेच्या इतिहासातले कितीतरी वाद याच एका हाडावर झालेत.

आता रूढ गोष्ट. ती एकदा नीट ऐकून घ्या, कारण पुढे मी तिच्यावरच बोट ठेवणार आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्न म्हणजे मोडलेल्या हाडांवर आख्खा अध्याय आहे. मांडी किंवा नडगी मोडली तर रोग्याला फळीवर निजवायचं, त्याला ‘कपाटशयन’ म्हटलंय, आणि पाय हलू नये म्हणून फळीला पाच खुंट्या ठोकून तो बांधायचा. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली पट्ट्या म्हणून वापरायच्या, किंवा बांबू. हाड जुळायला लागणारा काळही वयाप्रमाणे दिलाय : लहान वयात एक महिना, मध्यम वयात दोन, उतारवयात तीन. आता कपाट म्हणजे दाराची फळी. १७५६ साली लंडनचा सर्जन पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडला आणि पायाचं हाड बाहेर आलं, तेव्हा त्याने रस्त्यावर पडल्या पडल्या एक दार विकत घेतलं, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावर झोपून घरी गेला. या दोन दारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. असला योगायोग सापडला की आपल्याला लगेच ‘प्रभाव’ दिसायला लागतो, तो मोह टाळा. मोडका पाय हलवायचा नाही हे दोन ठिकाणी दोघांना कळलं होतं, एवढंच.

मग येतो ग्लासगोचा अकरा वर्षांचा मुलगा. जेम्स ग्रीनलीस. १२ ऑगस्ट १८६५ रोजी एका रिकाम्या गाडीचं चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं. नडगी मोडली, आणि वर जखम दीड इंच लांब, पाऊण इंच रुंद. त्या काळात अशी जखम म्हणजे पाय कापायचा हाच सर्रास निर्णय, कारण नाही कापला तर पाय सडून माणूस जाण्याची भीती. आणि कापून तरी सगळे वाचत होते असं नाही. जोसेफ लिस्टरने नंतर स्वतःच्याच वॉर्डाचा हिशेब मांडला : १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत पाय-हात कापलेल्या ३५ पैकी १६ जण दगावले होते. लिस्टरने या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेलं कापड ठेवलं, पायाला पट्ट्या बांधल्या आणि चार दिवस उघडून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी पू नव्हता. सहा आठवड्यांनी हाड जुळलं आणि मुलगा आपल्या पायाने घरी गेला. १८६७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिस्टरने अशा अकरा रुग्णांची हकीकत छापली, आणि जंतुविरहित शस्त्रक्रियेचा इतिहास बहुतेक पुस्तकांत तिथून सुरू होतो.

जंतूंची भीती कमी झाल्यावर सर्जन धीट झाले. लंडनमध्ये आर्बथनॉट लेनने १८९० च्या दशकात न फाटलेली, म्हणजे कातडी शाबूत असलेली नडगीसुद्धा उघडून जोडायला सुरुवात केली. त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्याचं कारण मात्र ऐकण्यासारखं आहे : गोदीतल्या हमालांचे पाय प्लास्टर-पट्टीत ‘जुळतात’, पण वाकडे जुळतात आणि माणूस पुन्हा ओझं उचलू शकत नाही, मजुरी जाते. हाड जुळलं म्हणजे उपचार झाला का, हा प्रश्न लेनने मजुराच्या कमाईवरून विचारला. बेल्जियममध्ये अल्बाँ लाम्बॉटने प्लेटा आणि पायाबाहेरची फ्रेम आणली. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत कीलच्या गेऱ्हार्ड क्युन्चरने हाडाच्या पोकळीत सळई घातली. ती मांडीत होती. महायुद्ध संपल्यावर जर्मन कैदेतून सुटलेल्या सैनिकांच्या एक्स-रेमध्ये या सळया दिसल्या तेव्हा कुठे दोस्त राष्ट्रांच्या डॉक्टरांना हे कळलं. नडगीला वरच्या टोकाशी सरळ सळई जात नाही, म्हणून १९५० च्या दशकात हेर्झॉगने तिला बाक दिला. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सर्जनांच्या एका गटाने एओ ही संस्था काढून प्लेट-स्क्रूचं शास्त्र शिस्तीत बसवलं, आणि १९७० च्या दशकात आडव्या स्क्रूची इंटरलॉकिंग नेल आली.

इथपर्यंत माझा सिनॉप्सिस छान चालला होता. कील, बील, स्ट्रासबर्ग, मुंबई, आणि मग ‘खानदेशात पोहोचली’. नदी उगमाकडून खाली वाहत यावी तसं ज्ञान युरोपातून तापीच्या खोऱ्यात येतं, आणि आपण फक्त ते कोणत्या साली आलं त्याची तारीख शोधायची.

डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ नावाचं पुस्तक २००६ मध्ये आलं. मॅडमनी ते हातात ठेवलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांचा इतिहास म्हणून लिहितो, वापराचा लिहीत नाही. वस्तू कधी जन्मली यापेक्षा ती कोण, कुठे, किती काळ वापरतं याकडे बघितलं तर जगाचा नकाशा आणि कालक्रम दोन्ही बदलतात. हे वाचायला सोपं वाटतं. करायला घेतलं की कळतं, की ‘पहिली सळई कधी’ या प्रश्नाचं उत्तर एका तारखेत मिळतं, पण ‘सामान्य माणसाची मोडकी नडगी सळईपर्यंत कधी पोहोचायला लागली’ याचं उत्तर तारखेत मिळतच नाही. त्याला अंतर लागतं, पैसा लागतो, वीज लागते, रेशनकार्डाचा रंगसुद्धा लागतो.

अंतरापासून सुरुवात करू. हाड उघडं पडलेलं फ्रॅक्चर सहा तासांच्या आत धुऊन साफ करायलाच हवं, असं सर्जनांच्या पिढ्यान्‌पिढ्या शिकत आल्या. हे सहा तास आले कुठून? १८९८ मध्ये पॉल फ्रीडरिख या जर्मन सर्जनने गिनीपिगना जखमा केल्या, त्यात बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ भरली आणि किती वेळापर्यंत जखम कापून साफ केली तर प्राणी वाचतो ते पाहिलं. साधारण सहा तासांनंतर उपयोग होईना. गिनीपिगचे सहा तास माणसाचे झाले ते तिथून. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. ते आल्यावर गणितच बदललं. १९७४ मध्ये पॅट्झाकिस आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या अभ्यासात अँटिबायोटिक न दिलेल्या गटात १३.९ टक्के जखमा चिघळल्या, सेफॅलोथिन दिलेल्या गटात २.३ टक्के. पुढे २०१० मध्ये पोलॅक आणि इतरांनी पायाच्या गंभीर दुखापतींच्या ३१५ रुग्णांची माहिती तपासली. अपघात ते ऑपरेशन या वेळेचा संसर्गाशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो अपघात ते योग्य रुग्णालयात दाखल होणं या वेळेशी.

इथे थांबून जरा विचार करा. शंभर वर्षं घड्याळ ऑपरेशन टेबलावर लावलेलं होतं. हा अभ्यास म्हणतो की ते रस्त्यावर लावा. सुरत–नागपूर आणि मुंबई–आग्रा हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, तेव्हा महामार्गावर पाय मोडला तर धुळं जवळ आहे. शिरपूरहून पन्नासेक किलोमीटर, तेही चांगल्या रस्त्याने. पण धडगाव तालुक्यातल्या पाड्यावर पाय मोडला तर? सातपुड्यातून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आजही पावसाळ्यात येतात. म्हणजे एकाच वर्षी, एकाच जुन्या जिल्ह्यात एक पाय १९९० च्या दशकात असतो आणि दुसरा लिस्टरच्याही आधीच्या काळात. ग्रीनलीसचं नशीब फक्त कार्बोलिक ॲसिड नव्हतं. तो ग्लासगोत राहत होता, रुग्णालयाच्या टप्प्यात.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. अशा सेवेत कॉल आल्याची आणि रुग्ण पोहोचवल्याची वेळ नोंदली जाते. तुमच्यापैकी कोणी आरोग्याच्या अलीकडच्या इतिहासावर काम करणार असेल तर या नोंदी मागून बघा. शंभर वर्षांनी कोणीतरी त्यांना दप्तरखान्यातला खजिना म्हणेल.

त्याआधीच्या काळासाठी मी काय वाचलं? सगळ्यांसारखी मीही १८८० चा खानदेश गॅझेटियर उघडला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत आरोग्यावर स्वतंत्र प्रकरण असतं : साथीचे ताप, देवीच्या लसी, दवाखाने आणि त्यांचा खर्च. अशा प्रकरणांत मोडलेला पाय शोधायला गेलात तर हाती फार लागत नाही. सरकारला साथीची काळजी होती, कारण साथ पसरते. मोडलेला पाय कोणाला लागत नाही.

पुढचा थांबा कारखाने. खानदेश म्हणजे कापूस, कापूस म्हणजे जिनिंग-प्रेसिंग, आणि पट्ट्यावर चालणारं यंत्र म्हणजे अपघात. भुसावळला रेल्वे. तेव्हा मजुरांच्या नुकसानभरपाईच्या कागदांत पाय सापडतील असा माझा अंदाज होता. अंदाज अर्धाच बरोबर निघाला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं, त्यात कोणता अवयव गेला की कमाईची क्षमता किती टक्के घटली असं धरायचं ते दिलं होतं. पाय गुडघ्यातून किंवा वरून गेला तर ६० टक्के, गुडघ्याखाली गेला तर ५०. त्या तक्त्यात गेलेले अवयव आहेत, वाकडे जुळलेले नाहीत. लेनचा गोदीतला हमाल, ज्याचा पाय आहे पण कामाचा नाही, तो या तक्त्यात बसत नाही, त्याला वेगळं भांडावं लागणार. याचा इतिहासकाराला काय अर्थ? कापलेला पाय कागदावर ठसठशीत येतो. जुळलेला पाय येत नाही. वाकडा जुळलेला तर कुठेच नाही. साधनं वाचताना कोणाचा पाय कागदावर आला एवढंच बघू नका, कोणाचा यायची सोयच नव्हती तेही बघा.

आणि हाडवैद्य? हा विषय काढला की संशोधक दोन टोकांना जातात. एकाला त्यात परंपरेचं लुटलेलं ज्ञान दिसतं, दुसऱ्याला अडाणीपणा. दोघांनीही एक आकडा लक्षात ठेवावा. अमेरिकेत ऑगस्टो सार्मिएंतो यांनी न फाटलेल्या नडगीच्या १,००० फ्रॅक्चरवर ऑपरेशन न करता, चालता येईल असा पट्टा बांधून उपचार केले. १९९५ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात न जुळलेली हाडं होती १.१ टक्का. म्हणजे योग्य निवडलेली नडगी बांधून ठेवली तर बहुतेक वेळा जुळते. हाडवैद्याकडे गेलेले पुष्कळ पाय जुळले असणार यात नवल नाही. पण बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्यावर रक्त अडून पाय काळा पडतो हेही तितकंच खरं आहे, आणि उघड्या जखमेवर लेप लावला की काय होतं ते सांगायला नको. हाडवैद्याकडे लोक का जात होते हे त्याच्या ज्ञानावरून ठरवण्याआधी तो किती अंतरावर होता आणि काय घेत होता ते विचारा.

आता मला सापडलेलं सगळ्यात उपयोगी साधन. ते कोणत्याही दप्तरखान्यात नाही, वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. एम. एस. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक थिसिस लिहावा लागतो, आणि आपल्याकडच्या अस्थिव्यंग विभागांत नडगीतली नेल हा अगदी आवडता विषय. डॉक्टर मंडळी या थिसिसकडे पदवीसाठीची एक कटकट म्हणून बघतात. इतिहासवाल्यांनी तसं करू नये. कारण शेवटी परिशिष्टात ‘मास्टर चार्ट’ नावाचा आडवा तक्ता असतो. रुग्णाचं वय, बहुतेकदा व्यवसाय, अपघात कसा झाला, जखम गस्टिलोच्या वर्गीकरणात कितव्या दर्जाची, दुखापतीपासून ऑपरेशनपर्यंत किती दिवस गेले. शेवटचा रकाना बघितल्यावर मी खुर्चीत सरळ बसले. सात-आठ महिने शोधत होते तो प्रश्न कोणीतरी रकाना करून ठेवला होता.

(गस्टिलो आणि अँडरसन यांचं वर्गीकरण १९७६ चं, १,०२५ उघड्या फ्रॅक्चरवर बेतलेलं. तिसऱ्या दर्जाची फोड १९८४ ची. थिसिस वाचताना हे साल माहीत असलेलं बरं, नाहीतर जुन्या तक्त्यात ‘तीन-ब’ का नाही म्हणून डोकं खाजवत बसाल.)

पण हुरळून जाऊ नका, मी गेले होते. थिसिसच्या सुरुवातीला कोणाला अभ्यासात घेतलं आणि कोणाला वगळलं त्याची यादी असते. ‘फॉलोअपला न आलेले रुग्ण वगळले’ हे वाक्य तिथे हमखास भेटतं. डॉक्टरच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, जो परत आला नाही त्याचं हाड जुळलं का हे सांगता येत नाही. पण परत कोण येत नाही? ज्याला एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी दोन्ही परवडत नाही तो. म्हणजे मॅडमचा प्रश्न ज्यांच्याबद्दल होता नेमके तेच तक्त्यातून गळलेले. माझ्या प्रकरणात आता या वगळलेल्यांवर स्वतंत्र भाग आहे. त्यांची संख्या थिसिसमध्ये दिलेली असेल तर तेवढीच मिळते, पण ती मिळते.

पैशाचा मुद्दा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, त्यात लांब हाडांच्या फ्रॅक्चरची ऑपरेशनंही. बाकीच्या जिल्ह्यांत ती २१ नोव्हेंबर २०१३ ला आली, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. यादी पुन्हा वाचा. धुळे आहे, जळगाव नाही. जवळपास सोळा महिने शेजारच्या दोन जिल्ह्यांपैकी एकात योजना होती आणि दुसऱ्यात नव्हती. तुमच्यातल्या अर्थशास्त्रवाल्यांचे कान टवकारले असतील. योजनेआधी धुळे आणि जळगाव यांच्यात किती फरक होता, योजनेनंतर किती झाला, या दोन फरकांतला फरक काढायचा. जो उरतो तो योजनेचा परिणाम धरायचा.

मीही हेच लिहून नेलं. मॅडमनी विचारलं, जळगावला तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेज होतं? नव्हतं, ते २०१८ चं. मग अमळनेर-पारोळ्याचा अवघड पाय कुठे जात होता? धुळ्यालाही जात असणार. म्हणजे ‘जळगाव’ म्हणून मी ज्यांना मोजतेय त्यातले काही धुळ्याच्या वॉर्डात आहेत. तुलना स्वच्छ नाही. तरी ती टाकून द्यायची नाही, रुग्णाचा जिल्हा आणि रुग्णालयाचा जिल्हा असे दोन वेगळे रकाने करायचे.

आणि नंदुरबार. १ जुलै १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्याचाच भाग होता. वेगळा झाला, आणि चौदा वर्षांनी त्या आठांच्या यादीत धुळे आलं, नंदुरबार आलं नाही. धडगावचा माणूस झोळीतून, जीपमधून, मग एसटीने धुळ्यापर्यंत आला तरी त्याच्या रेशनकार्डावर जिल्हा दुसरा. जिल्हा विभाजनाचा इतिहास मी राजकीय इतिहास म्हणून शिकले होते. तो असा नडगीत येऊन रुतेल असं कधी वाटलं नव्हतं.

विजेचं आणि यंत्राचं थोडक्यात सांगते. इंटरलॉकिंग नेलचे खालचे स्क्रू मारताना हाडाच्या आत दडलेलं भोक दिसावं लागतं, त्यासाठी सी-आर्म नावाचं एक्स-रे यंत्र लागतं. सी-आर्म नाही तिथे नेल असून उपयोग नाही, असा १९९० पर्यंतचा समज. लुईस झर्कल या अमेरिकन सर्जनने व्हिएतनाम युद्धात काम केलं होतं. त्याने १९९९ मध्ये साइन ही संस्था काढली आणि सी-आर्मशिवाय बसवता येईल अशी भरीव स्टीलची नेल केली : बाहेर एक दांडा, त्याच्या मापाने भोक कुठे आहे ते कळतं. गरीब देशांतल्या रुग्णालयांना ती फुकट मिळते, अट एकच, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि एक्स-रे परत पाठवायचे. नव्या नेलमधून यंत्र वजा केलं आणि ती जास्त पायांपर्यंत गेली. ‘उदय व विकास’मध्ये ही गोष्ट बसवून दाखवा. २०१५ चा फ्लो नावाचा अभ्यासही असाच : पाच देश, त्यात भारतही, अडीच हजारांवर उघडी फ्रॅक्चर. जखम साबणाच्या पाण्याने धुवावी की साध्या सलाइनने? साधं सलाइन सरस ठरलं. आणि धुताना दाब जास्त की कमी याने फरक पडला नाही, म्हणजे महागडा पंप नसलेलं रुग्णालय यात मागे नाही.

आता शेवटचं साधन, ज्याने माझं सध्याचं काम चाललंय. आपल्याकडे घरोघरी एक्स-रेची मोठी पाकिटं जपून ठेवलेली असतात. कपाटावर, गादीखाली, पत्र्याच्या पेटीत लग्नपत्रिकांबरोबर. आत फिल्म, डिस्चार्ज कार्ड, कधी इम्प्लांटचं बिल, कधी सावकाराकडून घेतलेल्या रकमेची चिठ्ठीसुद्धा. रुग्णालयाचे रेकॉर्ड ठराविक वर्षांनी रद्दीत जातात, ही पाकिटं राहतात. पण ती उघडायला सांगण्याआधी तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी घ्या आणि संमतीपत्र मराठीत करा. गरज असेल तिथे अहिराणीत वाचून दाखवा. नाव, गाव, फोन वहीत वेगळं आणि पाकिटातली माहिती वेगळी, दोन्हींना जोडणारा क्रमांक तिसऱ्या जागी. फिल्मचा फोटो काढताना कोपऱ्यातलं नाव झाका, तारीख झाकू नका. फिल्मवर तारीख नसेल तर पाकिटावरची टिपा, आणि दोन्ही वेगळ्या असतील तर दोन्ही टिपा.